थंडी सरतानाचे पुणे

फेब्रुवारीच्या मध्यावर पुण्यात पहाटे गारठा असतो, तर दुपारी ऊन चटके देऊ लागते. याच सुमारास काटेसावर निष्पर्ण अवस्थेत फुलते. तिच्या तळहाताएवढ्या, मांसल लाल फुलांत मकरंद भरपूर. साळुंक्या, बुलबुल आणि मध्य आशियातून आलेल्या भोरड्या त्यावर तुटून पडतात, खारीही मागे राहत नाहीत. खाली उभ्या गाडीच्या टपावर गळालेल्या फुलांचा चिकट लगदा साचतो. गाडीमालकाला मग वसंताचे फारसे कौतुक उरत नाही. पिंपळाला तांबूस पालवी येते, तांबट भर दुपारी टुकटुक करतो. स्वेटर धुऊन माळ्यावर जातात, रस्त्याकडेला माठ मांडले जातात. गच्चीत जुन्या धोतरावर कुरडया घातल्या जातात. कडक ऊन असल्यास त्या दोन-तीन दिवसांत खडखडीत वाळतात.