परतीची वायर

वाशिम
मृगाच्या तोंडावर

चि. भाच्यास,

तुझ्या गाडीचे फोटो नीट बघितले. चौकोनी पाइपची चेसिस सरळ उतरली आहे आणि भंगारातून आणलेलं मारुती ८०० चं इंजिन जागेवर शोभतंय. फ्यूज बॉक्सपासून निघालेल्या वायरी रंगवार बांधल्या आहेस, प्रत्येकीवर चिठ्ठी आहे. मग काळ्या वायरींचंच असं का झालं? एक हेडलाइटमागच्या स्क्रूखाली, एक डॅशच्या पट्टीला, दोन मागच्या बंपरच्या बोल्टला, म्हणजे जिथे हात पोहोचला तिथे. माझं म्हणणं एवढंच आहे की बॅटरीच्या प्लसकडून करंट कसा जाणार याचा तू जेवढा विचार केलास, तेवढाच तो मायनसकडे परत कसा येणार याचाही करायला हवा. घरी बांधलेल्या गाडीत तर जास्तच, कारण परतीचं अर्धं सर्किट आपल्यासाठी आधी कुणी आखून ठेवलेलं नसतं.

हा भाग दुर्लक्षित राहतो याला आपला शब्दही थोडा कारणीभूत आहे. आपल्याकडे अर्थिंग म्हटलं की शेतातली मोटार डोळ्यासमोर येते: खड्डा खणायचा, कोळसा आणि मीठ भरायचं, पाइप पुरायचा, उन्हाळ्यात वरून पाणी ओतायचं. ते अर्थिंग जीव वाचवण्यासाठी असतं. सगळं सुरळीत असेल तर त्या तारेतून जवळजवळ काहीच वाहत नाही. म्हणून ती तार तुटली तरी मोटार चालूच राहते आणि दोष महिनोन्महिने कळत नाही. गाडीतल्या अर्थचं जमिनीशी काही नातं नाही, गाडी रबरी टायरवरच उभी असते. तिथे अर्थ म्हणजे परतीची वायर. दिव्यातून, पंख्यातून, सेल्फमधून जेवढे अँपिअर गेले तेवढेच्या तेवढे तिच्यातून परत येतात, आणि गाडी चालू आहे तोवर येतच राहतात. नाव एकच असलं तरी कामं दोन आहेत. पहिल्या कामाची ढिलाई दुसऱ्यात चालत नाही.

तू म्हणशील, एवढी जाड लोखंडी चेसिस असताना करंटला काय कमी? हिशेब करून बघ. लोखंडाचा अवरोध तांब्याच्या सात-आठ पट, पण तुझ्या २५ मिलिमीटरच्या, दीड-पावणेदोन मिलिमीटर जाडीच्या पाइपचा छेद साधारण १५० चौरस मिलिमीटर भरतो. अशा तीन मीटर पाइपचा अवरोध सुमारे ०.००३ ओहम. दोन्ही हेडलाइटचे मिळून १० अँपिअर त्यातून परत आले तरी ०.०३ व्होल्टच पडतो. म्हणजे चेसिसबद्दल तुझं बरोबर आहे. खोट आहे ती वायर चेसिसला भेटते त्या नखाएवढ्या जागेत. तिथे रंग असतो, प्रायमर असतो, पातळ गंज असतो, आणि बोल्टचे दोन-चार आटे रंग खरवडून कसेबसे टेकलेले असतात. तेवढ्यानेच ०.१ ओहम सहज होतो. त्याच १० अँपिअरला तिथे १ व्होल्ट गळतो, दिव्याला १२ ऐवजी ११ मिळतात, आणि हॅलोजनचा प्रकाश व्होल्टेजच्या मानाने फार वेगाने उतरत असल्यामुळे उजेड चौथाईने कमी होतो. पाच हजारांचे दिवे घालूनही रस्ता मळकट दिसतो तो असा. खरं तर ही गोष्ट वेल्डिंग करणाऱ्याला वेगळी सांगावी लागू नये. अर्थचा क्लँप रंगावर लावला की आर्क तडतडते, तुटते. मग आपण क्लँप दोनदा घासतो, नागडं लोखंड पकडतो आणि टाका सरळ चालू लागतो. हेडलाइटच्या स्क्रूखाली अगदी तेच घडतंय, फक्त आवाज होत नाही.

सगळ्यात मोठा धोका इंजिनपाशी आहे. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसतं, म्हणजे विजेच्या हिशेबाने ते चेसिसपासून सुटं आहे. तू बॅटरीचा मायनस चेसिसला दिलास, पण फोटोत चेसिस ते इंजिन अशी अर्थची पट्टी मला कुठे दिसली नाही. छोट्या गाडीचा सेल्फसुद्धा शंभर-दीडशे अँपिअर ओढतो आणि ते सगळे इंजिनच्या ब्लॉकमधून परत निघतात. पट्टी नसेल तर करंट थांबत नाही, दुसरी धातूची वाट शोधतो: अॅक्सिलरेटरची केबल, क्लचची केबल, गिअरचा रॉड. बारीक तारेच्या केबलमधून एवढा करंट गेला की ती तापते, आतलं प्लास्टिक वितळतं आणि केबल आहे तिथेच चिकटते. अॅक्सिलरेटर दाबलेल्या जागी अडकण्याची सुरुवात बॅटरीच्या मायनसपासून होऊ शकते, हे लक्षात न आल्यामुळे लोक केबलच बदलत बसतात. पट्टी आहे पण सैल आहे, तरी नुकसान होतंच. ०.०१ ओहमच्या सांध्यात १५० अँपिअरला दीड व्होल्ट पडतो आणि सव्वादोनशे वॉट उष्णता त्या एका बोल्टवर निघते. सेल्फ मारताना बॅटरी आधीच दहाच्या आसपास उतरलेली असते, त्यातला दीड व्होल्ट गेल्यावर सेल्फ कण्हतो आणि दोष बॅटरीवर येतो.

इथे सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांची गाडी आठवते. जुन्या सामानातून त्यांनी बांधलेल्या गाडीचा व्हिडिओ डिसेंबर २०२१ मध्ये देशभर गेला, आनंद महिंद्रांनी त्या बदल्यात बोलेरो देऊ केली आणि पुढच्याच महिन्यात ती त्यांच्या दारात आली. ती गाडी दुचाकीसारखी किक मारून सुरू होते. अनेकांना त्याची गंमत वाटली. मला त्यात शहाणपण दिसतं. किक आली की शंभर अँपिअरचा प्रश्नच संपतो, उरतात दिवे आणि हॉर्न, आणि तेवढ्याला साधी परतीची वायर पुरते. तू मात्र सेल्फ घेतलास, रेडिएटरचा पंखा घेतलास, वर एमपीएफआय इंजिन घेतलंस. या प्रत्येकागणिक परतीवरचा भार वाढला.

एमपीएफआयचं प्रकरण आणखी नाजूक आहे. ऑक्सिजन सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान बोलतो. पंख्याची आणि सेन्सरची परतीची वायर एकाच गंजक्या बोल्टवर असेल, तर पंखा लागताच तिथे ०.३ व्होल्ट उचलला जातो आणि ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कंप्युटरला, मिश्रण वेगळंच भासतं. मग पंखा लागला की इंजिन झटके देतं, बंद झाला की सुधारतं, आणि माणूस इंजेक्टर साफ करत बसतो. सेन्सरच्या परतीच्या वायरी ईसीयूकडेच न्यायच्या, चेसिसला लावायच्या नाहीत. मागच्या दिव्यांतही असाच चकवा होतो. २१/५ वॉटच्या बल्बमध्ये ब्रेकची आणि टेलची अशा दोन तारा असतात आणि दोघींची परतीची वायर एकच. ती तुटली की ब्रेक दाबल्यावर करंट ब्रेकच्या तारेतून टेलच्या तारेत उलटा शिरतो, तिथून टेलच्या वायरीने पलीकडच्या दिव्यात जातो आणि तिकडच्या अर्थने घरी पोहोचतो. ब्रेक दाबावा तर नंबर प्लेटचा दिवा मिणमिणतो. असं काही दिसलं की स्विच उघडू नकोस, आधी काळी वायर बघ.

आता तुझे आक्षेप. कंपनीच्या गाडीतही बॉडीच अर्थ असते, हे खरं आहे. पण तिथे पत्रा पत्र्याला शेकडो टाक्यांनी जोडलेला असतो आणि अर्थच्या जागा रंग देण्याआधीच ठरवून राखलेल्या असतात. तुझ्या गाडीत पुढचा भाग फायबरचा, डॅशची पट्टी स्क्रूवर, बंपर बोल्टवर; यातलं काहीही खात्रीने चेसिसला धरून नाही. आज सगळं लागतंय हाही पुरावा होत नाही. खरवडलेला बोल्ट आज चकचकीत आहे. आपल्या काळ्या मातीचा चिखल चार महिने चेसिसला लिंपलेला राहतो आणि त्यातला ओलावा दसऱ्यापर्यंत सुटत नाही. सोयाबीन काढायच्या वेळी तोच बोल्ट बघ. दुसरं टोक म्हणजे सगळ्या काळ्या वायरी सरळ बॅटरीच्या मायनसवर आणून बांधायच्या. कल्पना स्वच्छ वाटते, पण खांबावर थिंबलांचा ढीग होतो, त्यात आम्लाची वाफ लागते आणि वर्षभरात पांढरा बुरा चढतो. शिवाय लांब वायर म्हणजे तांब्याचा खर्च, जो चेसिसने फुकट वाचवला असता.

म्हणून मधला मार्ग. बॅटरीच्या मायनसपासून २५ चौरस मिलिमीटरची एक केबल थेट इंजिनला, सेल्फजवळच्या गिअरबॉक्सच्या बोल्टवर. तसलीच दुसरी चेसिसला. मग चेसिसवर तीनच जागा: पुढे दिवे, पंखा, हॉर्न, मध्ये डॅश, मागे टेल आणि पेट्रोल पंप. प्रत्येक जागी ८ मिलिमीटरचा बोल्ट उलटा ठेवून वेल्ड कर, रंगापूर्वी आट्यांवर टेप गुंडाळ. तुझ्या वायरी घालून झाल्या आहेत, तेव्हा वेल्डिंगपूर्वी बॅटरी आणि ईसीयू सोडव आणि क्लँप टाक्याच्या शेजारीच लाव. रंग वाळला की रुपयाएवढी जागा पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घास. त्यावर सरळ कल्हईचं थिंबल, वर दातेरी वॉशर, वर नट. थिंबल आणि लोखंड यांच्यामध्ये वॉशर नको. एका बोल्टवर चारांपेक्षा जास्त थिंबलं नकोत. आवळून झाल्यावर वरून व्हॅसलिनचा लेप. आधी लावू नकोस.

आणि तपासताना मल्टिमीटरच्या बीपवर विसंबू नकोस. बीप इवल्याशा करंटवर वाजतो. केबलच्या सगळ्या तारा तुटून एकच उरली तरी तो आनंदाने वाजेल. मीटर डीसी व्होल्टवर ठेव, काळी पिन बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खांबावर दाब, क्लँपवर नको. लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर. पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून ठेव आणि शेजारच्या पोराला सेल्फ मारायला सांग. ०.२ च्या आसपास आलं तर उत्तम, ०.५ च्या वर गेलं तर सांधा उघड. दिव्यांच्या जागी सगळे दिवे लावून ०.१ च्या आत हवं.

आधी इंजिनची पट्टी टाक, ती होईपर्यंत सेल्फ मारू नकोस. मग तिन्ही जागांचे आणि इंजिनचे असे चार आकडे लिहून पाठव. पाऊस लागायच्या आधीचे आणि दिवाळीतले शेजारी शेजारी ठेवून बघू. ताईला नमस्कार सांग.

तुझा
मामा