नातीचं नाव

आज पिकाचं थोडं नि घरचं जास्त. नात झालीय. आडनाव पवार, तर पोरगा म्हणतो नावही प वरूनच पाहिजे. हिवरे बाजारचे पोपटराव पवार बघा, एकदा ऐकलं की नाव विसरत नाही. खरंय. पण भटजींनी अक्षर काढलं 'पे'. मला पेरणी, पेरू नि पेंड एवढंच सुचलं!

माझी काळजी वेगळी. पोरगा नि सून दोघंही प चेच. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावापुढं आईचंही नाव लागतं, म्हणजे पोरगी पी. पी. पी. पवार. गावच्या विमा यादीत आधीच तीन पी. पी. पवार, गट नंबर बघितल्याबिगर कोण कुठला कळत नाही. म्हणून अट घातली, प वरून खुशाल ठेवा, पण कागदावर अक्षरं नकोत, नाव पूर्ण लिहायचं.

'पे' सोडलं, ठरलं पूर्वा. सोयाबीनच्या शेंगा भरायच्या वेळी पावसानं ताण दिला होता. पूर्वा लागल्या, पाऊस आला, त्याच रात्री ही आली. बांधावरून हाक मारून बघितली, विहिरीपर्यंत जाते. बारसं रविवारी. वाफसा अजून नाही, अळीची फवारणी त्यानंतरच.