सोळा पायऱ्या आणि एक जोडी डाळपुरी

सहलीला निघालेल्या मराठी कुटुंबात नेहमीच दोन पक्ष असतात. एक पाहणाऱ्यांचा आणि दुसरा खाणाऱ्यांचा. आम्ही मॉरिशसला गेलो तेव्हा पहिल्या पक्षाचे पुढारीपण सौभाग्यवतींकडे होते. दुसऱ्या पक्षात मी आणि चिरंजीव. पोर्ट लुई शहरात या दोन्ही पक्षांची जी दिलजमाई झाली, तिची ही हकीकत.

पहिले दोन दिवस पाहणाऱ्यांचे होते, आणि पाहण्याजोगे तिथे पुष्कळ आहे. बेटाभोवती प्रवाळाचे कडे आहे. समुद्राच्या लाटा त्याच्यावर आपटून दमतात आणि किनाऱ्याशी येतात त्या अगदी शहाण्या होऊन. पांप्लेमूसच्या बागेत तळ्यातल्या कमळांची पाने परातीएवढी, वर काठही वळलेले. "यात कणीक भिजवता येईल," सौभाग्यवती म्हणाल्या. शामारेलला ज्वालामुखीचा खडक झिजून झालेली माती तांबड्या, तपकिरी, जांभळ्या लाटांनी पसरली आहे. दिवाळीच्या रांगोळीचे रंग कुणी ओतून ठेवावेत तशी.

तिसऱ्या दिवशी आमचा पक्ष अधिकारावर आला. पोर्ट लुईच्या बाजारात एका ठेल्याभोवती गर्दी होती, तीत आम्ही घुसलो. डाळपुरी! म्हणजे गूळ न घातलेली पुरणपोळीच म्हणा ना! ती एकटी मिळत नाही, जोडीनेच मिळते. वर घेवड्याची उसळ, टोमॅटोची 'रुगाय' आणि झणझणीत मिरची घालून, कागदात गुंडाळून हातात देतात. शेजारी 'गातो पिमाँ'. नाव फ्रेंच, अर्थ मिरचीचा केक, आणि चव थेट आपल्या डाळवड्याची! दूध, सब्जा आणि जेलीचा थंडगार 'आलुदा' पिताना चिरंजीवांनी जाहीर केले, "बाबा, हा फालुदाच आहे, फक्त नाव बदलून राहतोय."

"पण हे सारे इथे आणले कुणी?" सौभाग्यवतींनी विचारले.

उत्तर जवळच होते. बाजारातून चालत काही मिनिटांत आपण बंदराकाठी आप्रवासी घाटावर पोचतो. गुलामगिरी संपत आली तशी उसाच्या मळ्यांना माणसे हवी झाली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलास' जहाजाने ३६ हिंदी मजूर आणले, आणि १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसे करारावर आली. काही तिथूनच पुढे दुसऱ्या मुलुखांत गेली. बहुतेक कलकत्त्याहून, काही मद्रासहून, आणि आपली मराठी माणसे मुंबईहून. किनाऱ्यावर उतरल्यावर ज्या पायऱ्या ती चढली, त्या सोळा दगडी पायऱ्या तिथे जपल्या आहेत. २००६ साली युनेस्कोने या घाटाला जागतिक वारशात स्थान दिले. सौभाग्यवतींनी पायऱ्या मोठ्याने मोजायला सुरुवात केली. शेवटचे आकडे मात्र ऐकू आले नाहीत.

बाहेर एक वृद्ध गृहस्थ भेटले. मराठी वंशाचे. घरात क्रिओल भाषा, पण गणेशचतुर्थीला, जिची तिथे सरकारी सुट्टी असते, आरती मराठीत म्हणतात आणि आपल्या जाखडीची बहीण असलेली 'झाकरी' नाचतात. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मजुरांच्या जुन्या नोंदवह्या आहेत. तिथून पणजोबांच्या नोंदीचा उतारा त्यांनी मिळवला होता. जिल्हा स्पष्ट होता : रत्नागिरी. गावाचे नाव मात्र त्या वेळच्या कारकुनाने कानाला आले तसे इंग्रजीत लिहिलेले.

"हे गाव कुठे आहे, दादा?" त्यांनी विचारले.

मी ते चार तऱ्हांनी वाचले. चार निरनिराळी गावे झाली! त्यांतले त्यांचे कोणते, हे कसे सांगणार? ती अक्षरे वहीत उतरवून घेतली आणि भेटेल त्या रत्नागिरीकराला विचारीन, असा शब्द दिला. तो पाळतो आहे.

त्या रात्री हॉटेलात जेवणाचे पैसे भरलेले असूनही आम्ही तिघांनी बाहेर डाळपुरीच खाल्ली. पाहणाऱ्यांचा पक्ष त्या दिवसापासून आमच्यात विलीन झाला आहे.

वाचकहो, मॉरिशसला गेलात तर समुद्र पाहाच, पण घाटावर जाऊन या आणि बाजारात उभ्याने खा. आणि तुमच्या घरी मुंबईच्या धक्क्यावरून गेलेल्या, परत न आलेल्या एखाद्या पूर्वजाची कथा सांगत असतील, तर साप्ताहिकाच्या पत्त्यावर मला गावाच्या नावासह जरूर कळवा. तिकडे एक म्हातारे गृहस्थ वाट पाहत आहेत.