पत्रिका नको, रिपोर्ट दाखव

दरवर्षी मी स्मरणिकेसाठी प्रवासवर्णन नाहीतर एखादा हलकाफुलका लेख देतो. यंदाचा विषय वेगळा आहे. मंडळाच्या अंकात हे शोभेल का, असं संपादकांना विचारलं. त्या म्हणाल्या, "लिहा तुम्ही, नाव छापणार नाही." तरीही कोणी ओळखलंच, तर हरकत नाही.

मी २००१ साली एम.एस. करायला अमेरिकेत आलो. पुढे नोकरी, एच-वन, पुण्याला जाऊन पत्रिका बघून झालेलं लग्न, ग्रीन कार्डाची रांग, सगळं तुमच्याआमच्यासारखंच. २०१६ मध्ये घटस्फोट झाला. कन्सल्टिंगमुळे सोमवारी विमान, गुरुवारी रात्री परत, घरात कोणी नाही. पुढच्या काही वर्षांत दोन ओळखी झाल्या, जवळीक झाली, आणि त्या संपल्याही.

२०२३ च्या गणपतीत मंडळात हिची भेट झाली. हीसुद्धा घटस्फोटित, पदरी एक मुलगा. लग्नापर्यंत गोष्ट आली तेव्हा ही एक दिवस चहा पिताना म्हणाली, "मागच्या वेळी दोघांच्याही पत्रिका जुळल्या होत्या. या वेळी पत्रिका नको, रिपोर्ट दाखव. एचआयव्ही आणि त्या बाजूचे बाकीचे आजार."

मला राग आला. "माझ्यावर विश्वास नाही का?"

"मीही करून घेणार आहे की. मग तुझा माझ्यावर विश्वास नाही, असं म्हणायचं का?"

आमच्या धंद्यात प्रोग्राम लिहिणारा नेहमी म्हणतो, "माझ्या मशीनवर तर नीट चालतंय!" म्हणून कोणी टेस्टिंग सोडत नाही. मी मात्र स्वतःबद्दल तेच म्हणत होतो.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "एचआयव्हीची शेवटची तपासणी कधी?" मी म्हणालो, "२००७." त्या जुलैत सगळ्यांच्या तारखा एकदम 'करंट' झाल्या आणि आपण सारे कागद घेऊन धावलो, आठवतं ना? तेव्हाच्या ग्रीन कार्डाच्या वैद्यकीय तपासणीत एचआयव्ही होतं. २०१० पासून तेही काढलं. कोलेस्टेरॉल आणि साखर मी दरवर्षी तपासतो. पण घटस्फोटानंतरच्या एवढ्या वर्षांत ही एक तपासणी करावी, असं मनातही आलं नव्हतं.

मग चाचरत दुसरी गोष्ट सांगितली. जांघेत मधूनमधून बारीक फोड यायचे, आग व्हायची, आठ-दहा दिवसांत जायचे. प्रवासातला घाम समजून मी कैलास जीवन लावत होतो. नेमके त्या दिवशीही ते होते. बाईंनी तिथला स्वॅब घेतला. निदान झालं: जननेंद्रियांचा हर्पिस, विषाणूचा दुसरा प्रकार.

हा विषाणू एकदा शरीरात शिरला की मज्जातंतूंच्या गाठींमध्ये दडून बसतो. गोळ्यांनी आटोक्यात राहतो, पण मुळापासून जात नाही. पुष्कळांना एकही फोड येत नाही, त्यामुळे आपल्याला तो आहे हे कळतच नाही. आणि फोड नसतानाही तो जोडीदाराला लागू शकतो. नेहमीच्या तपासण्यांमध्ये हर्पिस बहुधा नसतो. लक्षण असेल तर आपणच सांगावं लागतं. शिवाय या दुसऱ्या प्रकारामुळे एचआयव्ही लागण्याचा धोका दुपटी-तिपटीने वाढतो. फोडांमुळे कातडीला वाट पडते, आणि एचआयव्ही ज्या पेशींवर हल्ला करतो त्याच पेशी तिथे गोळा होतात. म्हणून एकाचं निदान झालं की दुसऱ्याची तपासणी करायचीच.

एचआयव्हीच्या रिपोर्टला दोन दिवस लागले. नव्वदच्या दशकातल्या एड्सच्या पोस्टरांवर वाढलेली आपली पिढी; रात्री छताकडे बघत ती सगळी पोस्टरं आठवली. वास्तविक आज एचआयव्ही असलेला माणूस वेळेवर औषधं सुरू करून दीर्घायुष्य जगू शकतो, आणि औषधांनी रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका कमी ठेवला तर लैंगिक संबंधांतून तो जोडीदाराला लागत नाही. पण त्यासाठी आधी कळायला तर हवं!

रिपोर्ट निगेटिव्ह आला, तेव्हा मी शिकागोच्या विमानतळावर होतो. तिथेच खाली बसलो. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, की प्रयोगशाळेतल्या रक्ततपासणीलाही संसर्ग पकडायला ४५ दिवसांपर्यंत लागू शकतात. निगेटिव्ह म्हणजे कायमचं प्रशस्तिपत्रक नव्हे.

हर्पिसचं हिला सांगणं सर्वांत अवघड गेलं. ऐकून ही म्हणाली, "मला विचार करू दे." चार दिवस फोन नाही. मला वाटलं, संपलं. पाचव्या दिवशी ही प्रश्नांची यादी घेऊनच आली. आम्ही दोघं मिळून डॉक्टरांकडे गेलो. रोजच्या गोळीने जोडीदाराला लागण होण्याचा धोका साधारण निम्म्याने कमी होतो, कंडोमने आणखी कमी होतो, शून्य मात्र होत नाही, हे हिने नीट समजून घेतलं. गाडीत बसल्यावर म्हणाली, "तू लपवलं असतंस, तर मी गेले असते." गेल्या वर्षी आम्ही साधेपणाने लग्न केलं.

मंडळी, १३ ते ६४ वयाच्या प्रत्येकाने निदान एकदा एचआयव्हीची तपासणी करावी, असं अमेरिकेच्या सीडीसीने २००६ मध्येच सांगितलं आहे. धोका जास्त असलेल्यांनी वर्षातून एकदा तरी. आपल्याकडे बायकांची निदान बाळंतपणात होते, पुरुषांची राहून जाते. बहुतेक इन्शुरन्समध्ये ती फुकट असते. पुढच्या वार्षिक तपासणीला साखरेबरोबर हेही लिहून द्या, असं डॉक्टरांना सांगा. कॉलेजला निघालेल्या मुलामुलींनाही सांगा. मी माझ्या लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, आम्हाला शाळेत शिकवलंय." मग माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्ही केलीत का?"

हो म्हणता आलं, याचं फार बरं वाटलं.