नामकरण

‘नांव सोनूबाई, हातीं कथलाचा वाळा’ ही म्हण आपल्याकडे नांवाची थट्टा करण्यासाठींच जन्माला आली. नाटक, कथा किंवा मालिका यांच्या बाबतींत मात्र नांवाची इतकी उपेक्षा करून चालत नाहीं.

आमच्या सांगलीला लागूनच असलेल्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांचें उदाहरण घ्या. त्यांचें ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हें गद्य नाटक १८९३ सालचें. १९१६ सालीं तेंच पदांनीं नटून रंगभूमीवर आलें, तें ‘संशयकल्लोळ’ हें नांव धारण करून. पुढच्या यशांत पदांचा वांटा मोठा, हें निर्विवाद. तथापि ‘फाल्गुनराव’ हें नांव एका गृहस्थाकडे बोट दाखवितें. ‘संशयकल्लोळ’ प्रत्येकाच्या घरांत शिरतें.

विज्ञानकथेला तर नांवाची गरज अधिकच. कारण तिचें जगच नवखें असतें. जयंत नारळीकरांनीं १९७४ सालीं मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कथा धाडली, तेव्हां स्वतःचें नांव लपविलें. कथेचें मात्र ‘कृष्णविवर’ असें ठसठशीत ठेविलें. तिला पहिलें पारितोषिक मिळालें. १९७५ सालीं सातारा जिल्ह्यांतल्या कराडच्या साहित्यसंमेलनांत अध्यक्षा दुर्गाबाई भागवत यांनीं नारळीकरांच्या विज्ञानकथेची दखल घेतली. पुढें ‘यक्षांची देणगी’, ‘वामन परत न आला’ अशीं नांवें देऊन त्यांनीं नव्या घराच्या दारांत जुनीच ओळखीची माणसें उभीं केलीं. १९९८ सालच्या दूरदर्शनवरील ‘कॅप्टन व्योम’चेंही तेंच. पहिल्या शब्दांत शौर्य, दुसऱ्यांत आकाश; मुलांना निराळें सांगावें लागलें नाहीं.

नुकतीच माणदेशांतून आलेल्या माझ्या दोन विद्यार्थ्यांनीं एक विज्ञानमालिका लिहिली. हवेंतून पाणी काढणारें यंत्र गांवांत येतें आणि त्याची किल्ली कोणाकडे असावी यावरून भाऊ भावाला पारखा होतो, असा तिचा विषय. नांव मात्र इंग्रजी. “सर, मराठी नांव ठेविलें तर विज्ञान कोणाला खरें वाटणार नाहीं,” एक जण म्हणाला. त्या वाक्यानें मी खिन्न झालों. ज्या दुष्काळी गांवाची ही कथा, तेथल्याच म्हातारीला तें नांव उच्चारतां येऊं नये! मीं ‘पोहरा’ सुचविलें. “लोकांना ग्रामीण कथा वाटेल,” दुसरा म्हणाला. वाटूं द्या, पोहरा पाहून प्रेक्षक बसला, कीं मग यंत्र दाखवा.

अर्थात् नांव प्रेक्षकाला पहिल्या दिवशीं दारापर्यंत आणतें; दुसऱ्या दिवशीं तो येतो तो कथेच्या ओढीनें. आडांतच नसेल तर पोहऱ्यांत कोठून येणार? परंतु नांवाचा दुसराच एक उपयोग मला अधिक मोलाचा वाटतो. तें शोधतांना आपली कथा यंत्राची कीं माणसाची, याचा निवाडा लेखकाला करावाच लागतो. ‘तसबीर’ मागें पडून ‘संशय’ पुढें आला, तेव्हां त्या नाटकाचा जीव नांवांत उतरला. विज्ञानकथेंतलें यंत्र ही देखील एक तसबीरच. तिच्यावरून उठणारा कल्लोळ माणसांचाच असतो.