बोर्डीचा रविवार

मुलांनो, पश्चिम रेल्वेने गुजरातकडे निघालात, की डहाणू रोडनंतर घोलवड लागतं.  इथं उतरायचं आणि चिकूच्या वाड्यांमधून बोर्डीच्या किनाऱ्यावर पोचायचं. घोलवडचे चिकू प्रसिद्ध आहेत, त्यामुळे पिशवी सोबत न्यायला विसरू नका!

बोर्डीचा किनारा लांबलचक आणि अगदी सपाट. काठाला सुरूची झाडं. ओहोटीला पाणी इतकं आत जातं, की समुद्र कुठं गेला असं वाटावं! मागे राहते ओली, चकचकीत वाळू. संध्याकाळी त्या वाळूत सगळं आभाळ उतरतं. सूर्यही दोन दिसतात, एक वर, एक पायाशी. फोटो काढणाऱ्याला आणखी काय हवं?

मी सोमवार ते शनिवार मुंबईत संगणकाचे प्रोग्रॅम लिहितो. एखादं चिन्ह चुकलं तरी संगणक अडून बसतो. शनिवारी डोळे मिटले तरी समोर आकडेच नाचतात! म्हणून रविवारी कॅमेरा घेऊन बोर्डी गाठायची. ‘नोकरी सांभाळून हे जमतं कसं?’ असं लोक विचारतात.

जॉर्ज ईस्टमनचं नाव ऐकलंय? हा अमेरिकेतल्या एका बँकेत कारकून होता. दिवसा हिशेबाच्या वह्या आणि रात्री आईच्या स्वयंपाकघरात फोटोच्या काचांवर प्रयोग! पुढे त्याने बँक सोडली आणि १८८८ साली सर्वांना वापरता येईल असा कोडॅक कॅमेरा बाजारात आणला. प्रत्येकाने नोकरी सोडावी असं मात्र नाही. मला माझं कामही आवडतं. पण मोकळा दिवस एकच, आणि समुद्र काही माझी सुट्टी बघून ओहोटी लावत नाही!

मग गणित करावं लागतं. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढं सरकते. सात दिवसांत झाली ३५० मिनिटं, म्हणजे जवळजवळ सहा तास. भरती आणि ओहोटी यांत अंतरही सुमारे सहा तासांचंच. म्हणजे या रविवारी सूर्यास्ताला ओहोटी असेल, तर पुढच्या रविवारी त्याच वेळी भरती! आरशासारखी वाळू हवी, तर एक रविवार सोडून जायचं.

आपल्या किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशेब तर याहून सोपा. तिथीची पाऊणपट करा, की भरतीची वेळ आली. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणून भरती तीनच्या सुमाराला. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. त्यात सहा तास मिळवले, की संध्याकाळी सव्वापाचच्या आसपास ओहोटी. गावागावाप्रमाणे थोडा फरक पडतो, पण अंदाज चुकत नाही. घरात आजोबा असतील तर त्यांना पाऊणकी म्हणायला सांगा. बघा, कसं घडाघडा म्हणतात!

हिशेब जमला तरी हळहळ उरतेच. सुंदर ढग नेमके बुधवारी येतात, आणि तेव्हा मी ऑफिसात असतो. आठवड्यातले सहा सूर्यास्त माझ्यावाचूनच होतात. पण सातवा मी नीट पाहतो. वाळूवरची खेकड्याची रांगोळी, ओल्या जाळ्याचा रंग, परतणाऱ्या बगळ्यांची ओळ. सोमवारी संगणकासमोर बसलो, की प्रोग्रॅममधली बारीक चूकही पटकन दिसते. एकाच जागी टक लावून पाहायची सवय तिकडेही कामी येते.

तुमचं चित्र, तबला, बुद्धिबळ असंच असेल. ‘आधी अभ्यास!’ असं आई म्हणते, आणि तिचं बरोबरच आहे. पण आईबाबांनो, आठवड्यातली एक संध्याकाळ मुलांच्या छंदासाठी राखून ठेवा. आणि मुलांनो, ती ठरलेल्या वेळी नेमानं वापरा.

बोर्डीला जाल तेव्हा एक ध्यानात ठेवा. सपाट किनाऱ्यावर भरतीचं पाणी बघता बघता जवळ येतं. फोटोच्या नादात फार आत जायचं नाही, आणि मोठ्या माणसांशिवाय तर मुळीच नाही. आता भिंतीवरचं कॅलेंडर काढा. येत्या रविवारी तिथी कोणती? करा पाहू पाऊणपट!