लातूर ते नांदेड : अठ्ठावीस अक्षरांची वाट

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. मध्ये जगदंबेचे देऊळ, भोवती गोल बाजार, आणि प्रत्येक रस्त्याच्या तोंडाशी निराळा व्यापार. येथे दहा मिनिटे उभे राहून कान उघडे ठेवले, तर रस्त्यांइतक्या नाहीत, पण चार-पाच भाषा सहज कानी पडतात. मराठी तर आहेच. तिच्या जोडीला दख्खनी उर्दू, पेढीवरची मारवाडी, निलंग्याच्या बाजूने आलेल्या मंडळींची कानडी वळणाची मराठी, आणि तांड्यावरून बाजाराला आलेल्या बायांची लमाणी. माझ्या पिशवीतले पुस्तक मात्र यांपैकी एकाही भाषेचे नव्हते. ते होते एस्परांतोचे पहिले पुस्तक.

एस्परांतो ही घडवलेली भाषा. तिचा कर्ता डॉक्टर झामेनहॉफ हा डोळ्यांचा वैद्य. त्याचा जन्म १८५९ सालचा, रशियन अमलाखालच्या बियालिस्टोक या पोलिश गावातला. गावात ज्यू, पोल, रशियन आणि जर्मन अशी वस्ती. चौघांच्या भाषा चार आणि एकमेकांविषयीचे मत बहुधा वाईट. माणसे भांडतात त्याचे एक कारण भाषा, असे या मुलाच्या मनाने घेतले, आणि १८८७ साली वॉर्सा येथे त्याने आपल्या भाषेचे चाळीसेक पानांचे पुस्तक छापले. टोपणनाव घेतले ‘डॉक्टर एस्परांतो’, म्हणजे आशा धरणारा डॉक्टर. पुढे तेच नाव भाषेला चिकटले. आपल्या विनोबांनीही तिचे धडे घेतले होते. पण विनोबांना भाषा येत नाही असे म्हणण्यापेक्षा कुठली येत नव्हती हे विचारणे सोपे!

व्याकरण घरी बसून शिकता येते. उच्चाराचे तसे नाही. तो छापील कागदावरून जिभेवर उतरत नाही, कुणाच्या तरी तोंडून ऐकावा लागतो. एस्परांतो बोलणारा माणूस वाटेत भेटण्याची आशा मला नव्हती. म्हणून ठरवले, की तिच्या अठ्ठावीस अक्षरांचे अठ्ठावीस ध्वनी लातूरहून उदगीर-देगलूरमार्गे नांदेडपर्यंत कुणाकुणाच्या तोंडी सापडतात ते पाहायचे.

या भाषेचा नियम आपल्या लोकांना आवडावा असा आहे. एका अक्षराला एकच ध्वनी, आणि लिहिले ते सगळे उच्चारायचे. इंग्रजीसारखी मुकी अक्षरे नाहीत. रोमन लिपीतली चार अक्षरे वगळली आहेत आणि सहा नवी केली आहेत. पैकी पाचांच्या डोक्यावर टोपी आहे, तर ‘यू’च्या डोक्यावर चंद्रकोर. जोर नेहमी शेवटून दुसऱ्या स्वरावर. म्हणून कुटुंबाला ‘फामिलीओ’ म्हणायचे, ‘ली’वर जोर देऊन, आपण घाईत ‘फामिल्यो’ म्हणून मोकळे होतो, ते चालायचे नाही. नावातला ‘तो’ म्हणावा की ‘टो’, हा वाद मराठी माणूस पहिल्या पानावरच उकरून काढील. इंग्रजी शिकलेला ‘टो’ म्हणेल. पण तिथे दातांवरचा ‘त’ बिनदिक्कत चालतो, आणि मला तोच गोड लागतो.

लातूरला सापडला तो ‘सी’. बिनटोपीचा ‘सी’ म्हणजे ‘त्स’ आणि टोपीवाला म्हणजे ‘च’. इंग्रजांना शब्दाच्या आरंभी ‘त्स’ म्हणताना घाम फुटतो. आपल्याकडे आडत बाजारातला हमाल तो दिवसातून हजारदा म्हणतो. गुरांचा चारा, घरचा चुलता, बाजारातला चोर या तिघांचा ‘च’ दातांवरचा. आकड्यातला ‘चार’ निराळा, तो टाळूचा. ‘ज’चेही तसेच. ‘अरे, जग!’ असा धीर देताना एक ‘ज’, आणि ‘सारे जग’ म्हणताना दुसरा. आपण लिहितो एक आणि म्हणतो दोन. देवनागरी जशी लिहावी तशी वाचावी, हा आपला अभिमान या ठिकाणी जरा लंगडा पडतो. झामेनहॉफने टोपी घालून जे वेगळे केले, ते आपण नुसत्या कानावर सोपवले आहे.

मात्र एक अडचण आहे. आपला दातांवरचा ‘च’ इकार आला की पळतो. ‘माझा’ म्हणताना जीभ दातांशी असते, ‘माझी’ म्हटले की टाळूला जाते. एस्परांतोत शंभराला ‘त्सेंट’ आणि सिगारेटला ‘त्सिगारेदो’ म्हणतात. मराठी तोंडातून त्याचे ‘चेंट’ आणि ‘चिगारेदो’ होते. औषध घरचेच आहे. ‘कुत्सित’ हा शब्द म्हणावा आणि त्यातला ‘कु’ गिळावा. राहिलेला ‘त्सि’ अगदी चोख.

लातूरच्या शिकवण्यांच्या भागात हिंडताना दुसराच उच्चार कानावर आला. बारावीच्या आणि वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षांसाठी हे शहर महाराष्ट्रभर गाजले. खेड्यापाड्यांतून आलेली मुले खोल्या घेऊन राहतात, पहाटेपासून वर्ग भरतात. मोठमोठ्या फलकांत ‘स्पोकन इंग्लिश’चेही फलक आहेत. चहाच्या टपरीवर एक मुलगा मित्राला म्हणाला, “काय करायलास?” आणि मी ऐकतो आहे असे दिसताच त्याने लगेच सुधारले, “काय करतोयस?” मी काही बोललो नव्हतो. त्याला दुरुस्त करणारे कोणी तरी आधीच भेटले असणार, बहुधा पुण्याला. ‘करायलो’, ‘जायलो’ ही या भागाची अस्सल क्रियापदे. पण घाट उतरून पश्चिमेला गेली की त्यांना हसे मिळते. पुढे इंग्रजीच्या वर्गात तोच मुलगा दुसऱ्यांदा दुरुस्त होतो. विद्वत्ता कितीही असो, तोंड उघडले की परीक्षा पुन्हा पहिल्यापासून!

१९०५ साली फ्रान्सच्या बुलोन गावी एस्परांतोवाल्यांची पहिली मोठी परिषद भरली. सुमारे वीस देशांतून जवळजवळ सातशे माणसे आली. तोवर यांतील बहुतेकांनी ही भाषा पत्रांतून लिहिली होती. परदेशी माणसाशी समोरासमोर बोलण्याचा प्रसंग थोड्यांनाच आला होता. फ्रेंचाचे बोलणे रशियनाला कळेल का, ही धास्ती खरी होती. कळले. प्रत्येकाचे वळण आपापल्या गावचे होते आणि तरीही कळले. कोणा एका शहराचा उच्चार प्रमाण नसल्यामुळे हसायचे कोणी कोणाला, हाच प्रश्न होता. टपरीवरच्या त्या मुलाला हे सांगावेसे वाटले, पण त्याचा वर्ग सुरू होणार होता.

लातूरहून एस.टी.ने उदगीरला आलो. १७६० साली मराठ्यांनी निजामाला येथे हरवले, आणि २०२२ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन येथे भरले. या दोन तारखांच्या मध्ये निजामी राजवटीचा मोठा काळ गेला. तेव्हा सरकार, कचेरी आणि शाळा यांची भाषा उर्दू. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघाले, तेही उर्दू माध्यमाचे. स्वामी रामानंद तीर्थांनी हिप्परग्याला आणि आंबेजोगाईला राष्ट्रीय शाळांतून शिकवले, ते या पार्श्वभूमीवर. १७ सप्टेंबर १९४८ ला हे राज्य संपले.

किल्ल्याजवळ नव्वदीकडे झुकलेले एक आजोबा भेटले. बालपणीची दोन-तीन वर्षे उर्दू शाळेत गेलेली. मी पुस्तकातला टोपीवाला ‘एच’ दाखवला. हा घशातला, खरखरीत ‘ख़’. मराठीत तो नाही. आजोबांनी क्षणात म्हणून दाखवला आणि म्हणाले, “छडी खाऊन शिकलेला ‘ख़’ आहे हा बाबा, जातो कुठं? तेव्हा राग यायचा. आता म्हणावा वाटला तर ऐकणारं कोणी नाही.” मग त्यांनी ‘ज़’ म्हटला, ‘फ़’ म्हटला. एस्परांतोला हे दोन्ही लागतात. लादलेल्या भाषेचे ध्वनी तोंडात जतन झाले होते, आणि रागाला आता चेहरा उरला नव्हता.

गंमत अशी, की दख्खनीत या ‘ख़’वर भलता भार आहे. लखनौचा खोल ‘क़’ इकडे ‘ख़’च होतो, ‘क़लम’चे ‘ख़लम’, ‘क़रीब’चे ‘ख़रीब’. उलट एस्परांतोत हे सगळ्यांत कमी वापराचे अक्षर. बऱ्याच शब्दांतून ते हकालून तिथे ‘क’ बसवला आहे. तिकडचा बेकार मनुष्य इकडे दोन पाळ्या करतो!

देगलूर हे सरहद्दीचे गाव. एका अंगाला तेलंगण, दुसऱ्या अंगाला कर्नाटकाचा बिदर जिल्हा. बाजारात चिंच विकणाऱ्या मावशी माझ्याशी मराठी, शेजारणीशी तेलुगू आणि गिऱ्हाईक मुसलमान असले तर दख्खनी बोलत होत्या. मोजताना मात्र तेलुगूच. पुरे झाले की ‘त्सालु’. म्हणजे दातांवरचा ‘च’ तेलुगूतही आहे, आणि तिथेही इकारापुढे तो टाळूला पळतो. शेजाऱ्यांनी खोडीसुद्धा वाटून घेतली आहे. मी त्यांना एस्परांतोचे आकडे म्हणून दाखवले : उनु, दु, त्री, क्वार, क्विन, सेस, सेप, ओक, नाउ, देक. मावशी ‘दु’ला मान हलवून थांबल्या, ‘त्री’ला हसल्या आणि ‘नाउ’ला म्हणाल्या, “हे तर आपलंच की! बाकीचे कुठून आणले?” बियालिस्टोकच्या डॉक्टरालाही ते बहुतांशी इकडून-तिकडूनच आणावे लागले होते, हे मी त्यांना सांगितले. चिंचेचा भाव त्यामुळे काही कमी झाला नाही.

नरसी-नायगावच्या रस्त्याने नांदेडला पोचेपर्यंत सत्तावीस अक्षरे पदरात पडली होती. राहिले होते ते टोपीवाले ‘जे’.

नांदेड गोदावरीच्या काठचे, आणि १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी जेथे देह ठेवला ते शीखांचे तीर्थ. महाराजा रणजितसिंगांनी बांधविलेल्या सचखंड गुरुद्वाऱ्याच्या अंगणात अमृतसरहून आलेली कुटुंबे आणि पिढ्यान्‌पिढ्या येथेच राहिलेले दख्खनी शीख शेजारी बसतात. पंजाबातला माणूस ‘घर’ लिहितो आणि म्हणतो ते आपल्या कानाला ‘कर’ वाटते. ‘घ’चा जोर सुरात उतरलेला असतो. गुरुमुखीत ‘घ’ असून तोंडी नाही, आणि एस्परांतोत तर ख, घ, ध, भ हे हकारयुक्त ध्वनी मुळातच नाहीत. मराठी माणसाला येथे काही शिकायचे नाही, हातचे सोडायचे आहे.

येथून रेल्वेने हैदराबाद फार लांब नाही. त्या शहरातल्या केंद्रीय विद्यापीठात आणि त्याआधी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्र शिकवलेले प्रोबाल दासगुप्ता २००७ ते २०१३ या काळात जागतिक एस्परांतो संघाचे अध्यक्ष होते. म्हणजे ही भाषा आपल्या अंगणातून अगदीच परकी म्हणून गेलेली नाही.

शेवटचे अक्षर जुन्या नांदेडात एका निवृत्त उर्दू शिक्षकांच्या ओट्यावर मिळाले. ‘श’ म्हणताना घशाला नाद दिला की होतो तो ध्वनी. इंग्रजीत ‘प्लेझर’मध्ये येतो आणि आपण तिथे सरळ ‘ज’ किंवा ‘झ’ म्हणतो. गुरुजींनी हवेत बोटाने तीन ठिपके दिले. “हा आमचा ‘झ़े’. अलिफ-बेमधला सगळ्यांत गरीब हर्फ. फ़ारसीतून आलेले मोजके शब्द आहेत त्याच्याजवळ. गारांना ‘झ़ाला’, अजगराला ‘अझ़दहा’. पोरं आता ‘ज’च म्हणतात, मी कंटाळलो सांगून.” मी पुस्तक पुढे केले. एस्परांतोत वर्तमानपत्राला ‘झ़ुर्नालो’ म्हणतात. गुरुजींनी पहिल्या झटक्यात म्हटला, जोरही ‘ना’वर बरोबर पडला.

मग त्यांनी आत हाक मारली. नात आली, अकरावीतली, हातात जीवशास्त्राचे पुस्तक. “म्हण बेटा, झ़ुर्नालो.” ती म्हणाली, “जुर्नालो.” गुरुजी म्हणाले, “पुन्हा.” ती म्हणाली, “दादाजान, कळलं ना पण तुम्हाला?”

गुरुजींनी माझ्याकडे पाहिले, मी पुस्तकाकडे. पुस्तकात याविषयी काही नव्हते. तेवढ्यात चहा आला.